सदर इसम आणि नेऱ्याची गाडी

पनवेलच्या कचेरीसमोर चटई अंथरून मी लोकांचे अर्ज लिहीत असे. शिक्षण पाचवी इयत्तेपर्यंतच झाले. परंतु माझ्या मजकुरास हरकत घेण्याची कोणा कारकुनाची छाती नव्हती. जमिनीलगत बसणाऱ्यास माणसाचे पाय प्रथम दिसतात, सबब मी माणसे पायांवरून ओळखू लागलो.

एके दिवशी नेऱ्याच्या एका विधवा बाईने मजकडून दिराविरुद्ध अर्ज लिहवून घेतला. दिराने तिचे शेत बळकावले होते, आणि कचेरीची पायरी चढलीस तर घरी पोचणार नाहीस, असे बजावलेही होते. ती हे सांगत असता समोर एक वहाण येऊन थांबली. तिचा पट्टा तांबड्या रबराने शिवलेला होता.

सायंकाळी एस.टी. स्टँडवर चहा पिताना तीच वहाण पुन्हा दिसली. बाई नेऱ्याच्या गाडीची वाट पाहत खांबाशी बसली होती. त्या वहाणेचा इसम उरणच्या गाडीची चौकशी करीत होता. उरणची गाडी लागली, भरली, सुटली. हा जागचा हलला नाही. मी चहा तसाच ठेवला. पोलिसास सांगावे, तर काय सांगावे? वहाण शिवलेली असणे हा गुन्हा नव्हे.

अखेर मी कागद व टाक काढून त्याच्यापुढे गेलो आणि सर्वांस ऐकू जाईल अशा स्वरात विचारले, "संपूर्ण नाव, बापाचे नाव, वय, धंदा, राहणार कोठे?"

चहावाला हसून म्हणाला, "अर्जनवीस, आता स्टँडवरपण दुकान मांडलंत होय?"

लोक वळून पाहू लागले. इसम बाजाराच्या बाजूस चालता झाला. आता निर्धास्त जा, असे मी बाईस सांगितले. ती उठली नाही.

"दादा, नेऱ्याला माजा भाऊ येनार हाय न्यायला. पन तो मगाचा मानूस मधीच सुकापुराला चढला तर?"

मी तिकीट काढून तिच्या गाडीत दाराशी बसलो. सुकापुरास तिघे चढले, तिघेही अनवाणी. तेव्हा ध्यानात आले, की समोरासमोर उभा राहूनही त्या इसमाचे तोंड मी पाहिलेच नव्हते. बाईने पदराआडून तिघांस न्याहाळले व नकारार्थी मान हलवली.

नेऱ्यास तिला भावाच्या हवाली करून मी त्याच गाडीने परत निघालो. आता माझ्यासोबत ओळख पटविणारे कोणी नव्हते. त्याने मात्र मला पुरते पाहून ठेवले होते. वाटेत चढणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडाकडे मी टक लावून पाहिले. त्यांत सदर इसम होता की नव्हता, हे मला आजतागायत सांगता येत नाही.