आबांचं वंगण आणि माझी विलायती पट्टी

आमच्या आबांना कुरकूर सोसत नसे. माणसाची चालायची, वस्तूची नाही. दार करकरलं, पाळणा कुईकुई करू लागला, विहिरीवरचा रहाट रडायला लागला, की आबा हातातलं काम टाकून उठत. त्यांच्या बैलगाडीखाली वंगणाचा बांबूचा नळा टांगलेला असे. आत एरंडेल आणि काजळी. तो सोडवून आणायचा आणि जिथं आवाज तिथं बोट फिरवायचं. “कुरकुरतं त्ये उपाशी असतंय,” असं ते म्हणत, आणि त्यांचं सगळं यंत्रशास्त्र एवढंच होतं.

आबा माझे चुलते. वडील लवकर गेले, तेव्हा लोणावळ्याजवळच्या कुरवंड्याला त्यांनीच मला वाढवलं, त्यांच्या चंद्राच्या बरोबरीनं. चंद्रा त्यांची एकुलती एक लेक. पुढं मी लोणावळ्याच्या शाळेत चार इंग्रजी बुकं शिकलो आणि गावात शहाणा ठरलो. आबा सोडून बाकी सगळ्यांना ते पटलं होतं.

माझ्या लग्नात मी पुण्याहून करकरणाऱ्या वहाणा आणल्या. त्या काळी वहाण जितकी वाजे तितका नवरदेव भारी. हळदीच्या गडबडीत आबांच्या कानावर तो आवाज गेला आणि त्यांनी दोन्ही वहाणांना पोटभर वंगण पाजलं. मांडवात मी असा मांजराच्या पावलांनी शिरलो, की सासऱ्यांनी मलाच विचारलं, “नवरदेव निघाले का हो घरून?” वर नवं धोतर घोट्यापर्यंत काळं झालेलं. मी रागानं लाल झालो, तर आबा म्हणाले, “लेका, पायतानाचा गवगवा कशाला? तू बोलतूयास त्येवढं लय झालं.”

असा मी एक दिवस जुनी मोटार घेऊन बसलो. हवा खायला येणाऱ्या मंडळींना स्टेशनावरून बंगल्यावर सोडायचं, कधी घाट उतरून खोपोलीला न्यायचं, असा धंदा. मोटार चालायची बरी. थांबायची मात्र तिच्या मर्जीनं. चाकाच्या आतल्या लोखंडी ढोलाला बाहेरून आवळणारी ब्रेकची पट्टी झिजून कागद झाली होती, आणि हातब्रेक तर निव्वळ शोभेचा.

पुण्याच्या दुकानात दोन पट्ट्या पुढं आल्या. एक देशी, सुती पट्ट्याची, वर्तमानपत्रात गुंडाळलेली. दुसरी विलायती, तिप्पट किमतीची, लाल पेटीत, पेटीवर सिंह. दोहोंतलं मला काडीचं कळत नव्हतं. पण लोक घर बघून सोयरीक करतात तशी मी पेटी बघून पट्टी घेतली. लोणावळ्याला येऊन ती रिकामी पेटी मोटारीत पुढं दिसेल अशी ठेवली आणि चहाच्या दुकानात व्याख्यानं झोडू लागलो. “देशी पट्टी लावून घाट उतरणाऱ्यानं मोटारीत नाही, तिरडीवर बसावं,” हे माझंच वाक्य. लोक माना डोलवायचे. ऐकणाऱ्याचा चहा माझ्याकडून असे.

आबांना पेटी दाखवली. त्यांनी सिंहावरून बोट फिरवलं आणि विचारलं, “ह्यो मोटार धरनार का?”

अशात चंद्राच्या सासरहून, खोपोलीहून, एक गाडीवान निरोप घेऊन आला. चंद्रा बाळंत झाली, मुलगी झाली. पण बाळंतीण अंथरुणाला खिळलीय, अन्न जात नाही, आबांना बघायचं म्हणते. आबा दर दिवाळीला कुरवंड्याच्या पायवाटेनं घाट उतरून लेकीकडं चालत जायचे. “माझा आबा डोंगर उतरून येतो,” हे सांगण्यात चंद्राचं सासरचं निम्मं वजन होतं. पण दोन वर्षांत आबांचे गुडघे बसले होते. ते तिला कळवायचं नाही अशी त्यांची सक्त ताकीद होती. त्या दिवशी आबा आढ्याकडं बघत म्हणाले, “माझी पोर हाका मारतीया, आन मी हितं दगडावानी बसलोय.”

“विलायती ब्रेक आहेत आबा, उद्या नेतो,” मी म्हणालो. संध्याकाळीच मोटार गावाच्या उतारापाशी आणून लावली. नवी पट्टी ब्रेक लावताना डुक्कर धरल्यासारखी किंचाळायची. आबांनी ते ऐकलं. बोलले काहीच नाहीत, तिथंच मी सावध व्हायला हवं होतं.

सकाळी निघालो. उतार लागला, ब्रेकवर पाय दिला. पाय गेला, मोटारही गेली. दोन्ही पायांनी उभा राहिलो. ती लोण्यावरून घसरावी तशी चालली होती. शेवटी सुकाणू वळवून मी ती आबांच्याच, नुकतीच लावणी झालेल्या भातखाचरात घातली. चिखलानं तिला धरलं. सिंहाची पेटी उडून पाण्यात तरंगत राहिली.

“आबा, ब्रेक लागलाच नाही हो!”

“पर वरडला का?” आबा चिखलातून अभिमानानं म्हणाले. “न्हाई न्हवं? पहाटंच वंगान दिलंय, चारी चाकांला.”

कपाळ माझं! मी वाटेल तसं ओरडलो. ब्रेक म्हणजे गाडीचा आख नव्हे, तो घासायलाच असतो, हे मी त्यांना इंग्रजी शब्दांसकट ऐकवलं. आबा ऐकत राहिले. चेहरा पार उतरला. मग एवढंच म्हणाले, “म्हंजी आता चंद्रीकडं जानं न्हाई व्हय?” मी बैल आणायला निघालो.

आबांच्याच बैलांनी मोटार ओढून काढली. एरंडेल प्यालेली विलायती पट्टी फेकावी लागली. दुसरी पुण्याहून मागवायला आठवडा, आणि चंद्राला आठवडा आहे की नाही कुणी सांगावं? लोणावळ्यात मिळत होती ती एकच, वर्तमानपत्रात गुंडाळलेली. ती घ्यायला चहाच्या दुकानावरून जावं लागलं. “काय, तिरडी बांधायची का?” कुणीतरी विचारलं. सगळं दुकान हसलं. मी खाली मान घालून गेलो.

दुसऱ्या दिवशी निघण्याआधी मी आबांची झडती घेतली, अगदी मुंडाशासकट. चाकाखाली लावायला लाकडाचा ठोकळा मांडीवर घेऊन ते बसले. अख्खा घाट देशी पट्टी बोंबलत होती. मधे मधे धूर येई, मग थांबून तिला गार करायची. मी आबांकडं चोरून पाहिलं, तर ते म्हणाले, “वरडू दे तिला. वरडतीया तवर धरतीया.” उभ्या जन्मात आबांनी सोसलेली ती एकच कुरकूर.

खोपोलीला तापलेलं इंजिन बंद करून मोटार घरंगळतच दाराशी नेली आणि आबांच्या ठोकळ्यानं थांबवली. आबा भिंत धरत आत गेले. मी मागोमाग, अंगणातूनच घसा साफ करत. मोटारीचं कौतुक आता होईल, मग होईल. चंद्रा भिंतीला टेकून बसली होती. नुसती हाडं. तिनं आबांना पाहिलं आणि तिचे डोळे भरून आले.

“आबा, चालत आला तुमी?”

आबांनी क्षणभरही विचार केला नाही. “व्हय. मग काय पालखीतनं येतूय? घाट उतरलो न् आलो.”

चंद्रा हसली. जवळ बसलेल्या जावेकडं बघून म्हणाली, “बगा, म्हनलं न्हवतं?” आणि तिनं पेज मागितली.

मी तसाच मागं फिरलो. इंजिनाचा आवाज तिच्या कानावर जायला नको म्हणून मोटार ढकलत ढकलत चार घरं पलीकडं नेली. घामानं निथळलो.

आबा त्याच वर्षी माघात गेले. चंद्रा बरी झाली, तिला नातवंडं झाली. तिच्या माहेरचा विषय निघाला की ती अजून सांगते, माझा आबा म्हातारपणी डोंगर उतरून चालत आला म्हणून मी जगले. मग माझ्याकडं बघते, “व्हय की न्हाई रं दादा?”

व्हय, मी म्हणतो. चालतच आले.