भज्यांचा ठेला वळवताना

आमच्या बायकोचा भज्यांचा ठेला सरळ रेषेत दिल्लीपर्यंत गेला असता. अडचण फक्त वळणाची. चारही चाकं जागच्या जागी घट्ट. वळायचं तर मागून दांडा दाबा, पुढची चाकं अधांतरी उचला आणि अख्खा ठेला फिरवा. वर शेगडी, सिलिंडर, पाण्याचा ड्रम, कालवलेलं बेसन. हत्तीनं हे एकदा उचललं असतं तर दुसऱ्या दिवशी सुट्टी मागितली असती. मी वर्षानुवर्षं उचललं, आणि एका बाजारी माझी कंबर धरली.

"पुढच्या बाजाराले ठेला मले एकटीनं वळवता आला नाही, तर इकून टाकीन," बायको म्हणाली.

दारव्ह्यात माझं वेल्डिंगचं दुकान. साऱ्या गावाच्या ट्रॉल्या जोडणाऱ्याच्या घरचा ठेला विकला जावा? त्याच दिवशी मी तो दुकानात उलटा केला.

आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या कोणी स्टेअरिंगचा विचार केला नाही. बंडीला चाकं दोनच, आणि वळायची अक्कल बैलांकडे. शेजारचे कास्तकार काका म्हणाले, "अबे, मधात एक जाड खिळा टाक आन्‌ पुढच्या दोन चाकांचा आस फिरता कर. जुन्या बग्ग्या तशाच फिरत."

केलं. आस झकास फिरला. पण पुरता फिरताच दोन्ही चाकं ठेल्याच्या पोटाखाली शिरली, कडेचा आधार गेला, आणि ड्रम रस्त्यावर. त्या पाण्यानं बोरी अरबपर्यंतच्या विहिरी भरल्या असं मी सांगतो. बायको एक बादली म्हणते.

मग मोबाईलवर वाचलं. दोनशे वर्षांपूर्वी एका जर्मन बग्गीवाल्यालाही हाच घोर लागला होता. त्यानं आस जागेवरच ठेवला आणि त्याच्या टोकांना प्रत्येक चाक आपापल्या खिळ्यावर फिरतं केलं. मीही केलं. प्रत्येक चाकापासून मागं एक आखूड दांडा काढला, ते दोन्ही एका पट्टीनं जोडले, पट्टीपासून एक दांडा मागं बायकोच्या हातापर्यंत आणला. आता ठेला पडेना, पण वळताना पुढची चाकं अशी घासत की निघालेल्या डांबरातून घाटंजीपर्यंत नवा रस्ता झाला असता.

"काहून घासते?" बायकोनं विचारलं.

"आतल्या चाकाले लहान गोल फिरा लागते, बाहेरच्याले मोठा. दोघंही सारखेच वळले तर भांडतीनच."

"मंग आतल्याले जास्त वळवा ना. एवढ्यापायी तीन दिवस लावले?"

जर्मनाचंही म्हणणं तेच होतं, फक्त त्यानं ते इतक्या तोऱ्यात सांगितलं नव्हतं. चाकांपासून मागं येणारे ते दोन आखूड दांडे मी कापले आणि आत तिरके करून पुन्हा वेल्ड केले. दोघांचा नेम मागच्या आसाच्या बरोबर मध्यावर. पट्टी जोडली. आतलं चाक आपोआप जास्त वळू लागलं.

बाजाराच्या दिवशी मी कंबरेला हात लावून तिच्या मागं निघालो. काटकोनातलं ते अरुंद वळण आलं. मी पुढं सरसावलो. तिनं दांडा ओढला, ठेला गुमान वळला, बेसन जागचं हललं नाही.

"आता मांगं मांगं येऊ नका," ती वळून न पाहता म्हणाली. "तुमच्या गोष्टी आयकत गिऱ्हाईक भजे घ्याचं इसरते."

मी तिथंच थांबलो. तिची जागा समोरच होती. पण ती थांबली नाही. पुढच्या गल्लीत काही काम नसताना वळली, आणि पलीकडून फिरून परत आली.