राखेतलं बी

बायको माघात गेली. तेव्हापासून भांडी मीच घासतो. जन्मात कधी घासली नव्हती, म्हणून अजून नीट जमत नाही. चुलीमागच्या कोनाड्यात एक गाडगं होतं, राखेनं भरलेलं. मऊ, चाळलेली राख. मला वाटलं भांड्याचीच असंल. चिमूटभर घ्यायची, नारळाच्या शेंडीनं ताट घासायचं, पाणी मोरीतून मागल्या दारी जायचं. दोन-अडीच महिने असंच चाललं.

त्या जाणाऱ्या पाण्याकडं बघता बघता मला जुनं दिसायचं. लातूर नवाच जिल्हा झाला होता, तेव्हाचं. आमचं गाव जळकोटाकडलं. पावसानं दगा दिला, आड आटला. पारावरची माणसं म्हणायची, "आता कलेक्टर जवळ आला, पाणी दारात येईल."

बायको म्हणायची, "कलेक्टर काय घागर घिऊन येणार हाय?"

आणि हात धुतलेलं, डाळ धुतलेलं पाणी मागल्या दारच्या वाफ्यात ओतायची. अंबाडी वाळली, चुका वाळला. तांबडा माठ तेवढा तगला. मी तलावाच्या कामावर खडी फोडून यायचो. सगळा गाव धुळीचा, आणि घरामागं तो पाला लालेलाल. उन्हं कलली की उजेड पानांतून गळायचा. तिचे हात, पायरी, भिंत, सगळं लालसर व्हायचं. मी उभ्या उभ्या झोप लागल्यासारखा बघत राहायचो.

"अवो, नुसतं बघतच राहता का जेवता बी?"

भाजीच्या पाण्यानं भाकर गुलाबी व्हायची.

पोटाला लई चिमटा होता, तरी एका झाडाला ती हात लावू द्यायची नाही. त्याला लुगड्याची चिंधी बांधायची. ते बियाचं. एकदा भुकेनं मी त्याचाच शेंडा खुडला, तर दोन दिवस बोलली नाही. तेच बी ती दरसाल धरत आली, मरेपर्यंत.

वैशाखात देगलूरहून लेक आली. चहा पिऊन म्हणाली, "आप्पा, आईचं माठाचं बी द्या. माझ्या अंगणात टाकते."

"मला काय ठावं कुठं हाय?"

ती सरळ कोनाड्यापाशी गेली. गाडग्यात हात घातला. बोटं तळाला लागली.

"आप्पा, राख कुठं गेली?"

"भांडी घासली."

"अगं माय! कीड लागू नये म्हणून ती बी राखंतच ठिवायची. तुम्हाला सांगितलं न्हाई?"

सांगितलं होतं. शेवटच्या आठवड्यात खाटेवरून म्हणाली, "कोनाड्यातलं तेवढं बघा." मी "हाव, बघतो" म्हणलो. माझं ध्यान तिच्या श्वासाकडं होतं. आणि बी कसलं, मोहरीहून बारीक, काळं. दुष्काळातनं तिनं वाचवलेलं मी तव्याला घासलं.

लेकीनं उरलेली राख ताटात पसरून फुंकली. एक दाणा नाही. "राहू द्या, बाजारात मिळतं," ती म्हणाली आणि राख परत गाडग्यात भरू लागली. मी उठून मागल्या दारी गेलो. तिच्यासमोर रडायचं नव्हतं.

मोरीचं पाणी मुरतं तिथं जरा ओल असते. खाली बसलो, तर ओलीत लाल ठिपके. नखाएवढी पानं. वाटलं, उन्हानं डोळ्यापुढं येतंय. हाक मारली. लेक वाकली, एक पान उलटं करून बघितलं.

"हाच," म्हणाली.

सात रोपं होती. पाच शेजारच्या शेळीनं खाल्ली. मी शेळीला आणि शेळीवाल्याला, दोघांनाही शिव्या दिल्या. उरलेल्या दोन रोपांभवती काटे लावले. थोराड होतं त्याला तिच्या लुगड्याची चिंधी बांधली.

आड पुन्हा खाली गेलाय. एकट्या माणसाची भांडी किती? ताट, तांब्या, तवा. तेवढ्या पाण्यानं ओल टिकत नाही. टंचाईत चांगलं पाणी नुसतं ओतायला मन होत नाही, म्हणून घासलेलं ताट मी परत घासतो. शेजारीण भिंतीवरून म्हणते, "मामा, ताट झिजंल की."

झिजू दे, म्हणतो. चिंधीच्या झाडाला बियाचा तुरा धरू लागलाय.