बाबालालनं निवडलेलं मशीन

तार आली तेव्हा मी पाळण्याच्या दांडक्याला पॉलिश पेपर मारत होतो. पोस्टमननं वाचून दाखवली. बाबालाल मिस्त्री साताऱ्याला लेकीकडं गेला होता, तिथंच गेला. मी म्हटलं, परत वाचा. त्यानं परत वाचली. मग हातातलं दांडकं पुरं केलं, जागेवर ठेवलं आणि साताऱ्याची एसटी धरली. आता महिना उलटला. अजून वाटतं, गाडी चुकली म्हणून थांबला असेल...

कडेगावात बाबालालच्या घरच्या सोप्यात आम्ही दोघं तीस वर्षं पाळणे करत आलो. जोडायचं त्यानं, घासायचं दोघांनी. त्याची बोटं राठ झालेली, त्यांना गुळगुळीतपणा कळायचा नाही. म्हणून तो प्रत्येक फळीला गाल लावायचा, डोळे मिटून, उशीवर डोकं टेकल्यासारखा. "लेकरू काय बोटानं झोपतंय व्हय?" म्हणायचा. दुपारी कौलातल्या काचेतून ऊन उतरायचं, त्यात सागवानाचा भुसा तरंगत राहायचा, आणि हा फळीवर गाल ठेवून कधी कधी खरंच झोपून जायचा. मी उठवत नव्हतो.

मग त्याचा उजवा खांदा गेला. हात डोक्यापर्यंत जाईना, टोपी डाव्या हातानं घालायचा. रुंद फळ्या घासायला तर खांदाच लागतो. त्यानं मशीनचं काढलं. कुपवाडला एकजण बनवतो म्हणाला. वर पेपर गुंडाळलेला ड्रम फिरतो, खाली पट्टा सरकतो, फळी इकडनं घातली की तिकडनं घासून निघते. मी सांगून टाकलं, "मशीन आलं की मी गेलो." माझा हात काय आहे ते चार गावांना माहीत होतं. आणि मी एकदा बोललो की बोललो. तो एवढंच म्हणाला, "बघाय तर चल. न्हाई पटलं तर मला शिव्या द्यायला कुनीतरी पायजेच की."

आमच्या दोन फळ्या आणि एक दांडकं पोत्यात गुंडाळून कुपवाडला गेलो. तिथं दोन मशीन होती, दोन्ही घरच्या लाइटीवर चालणारी. पहिलं नुसती सपाट फळी घेणारं. दुसऱ्याला बाजूनं एक लहान उभा ड्रमही होता, त्यावर गोलाई, कमान, दांडकं, सगळं व्हायचं. कारखानदार दुसऱ्याचंच कौतुक सांगत होता. त्यानं आमचं दांडकं घेतलं आणि मी तंबाखू मळतोय तेवढ्यात तयार करून हातात दिलं. खोटं कशाला सांगू, चांगलं झालं होतं. तंबाखू तशीच तळहातावर राहिली. आता ह्या घरात माझं काम काय उरलं, एवढंच डोक्यात फिरत होतं...

बाबालालनं दोन्ही मशीनवर घासून निघालेल्या आमच्या फळ्यांना गाल लावला. लय वेळ लावला. मग पहिल्या मशीनवर हात ठेवून म्हणाला, "हे द्या."

"आवं मिस्त्री, थोडक्या पैशासाठी कशाला मागं राहता? गोल काम काय हातानं करत बसणार?"

"गोलाईचं मशीन घरी हाय आमच्या," बाबालाल म्हणाला. "जुनं हाय. रुसतंय लय, तंबाखू बी लागती त्याला. पर गोलाईत त्याचा हात धरनारं न्हाई कुनी."

कामगार माझ्याकडं बघून हसले. मी बाहेर जाऊन उभा राहिलो. परतीच्या गाडीत विटा आलं तेव्हा तो खिडकीकडं बघत म्हणाला, "उद्या येनार न्हवं?" मी म्हटलं, "दांडकी राहिल्यात अर्धी." झालं. त्यानं कोणतं मशीन सोडलं आणि कुणासाठी सोडलं, ते मला तिथंच कळलं होतं. बोलायला जीभ उचलली नाही. ते बोलायचं राहिलं ते राहिलंच...

मशीनला हात लावणार नाही, हे मात्र मी सोडलं नाही. पण लांब फळी बाहेर येताना झुकली की शेवटाला ड्रम चावतो, खड्डा पडतो. पलीकडनं धरायला माणूस लागतो. बाबालालनं मला हाक मारली नाही. तीन फळ्या बिघडवल्या आणि गुमान भिंतीला लावल्या. चौथीला मला बघवेना. जाऊन टोक धरलं.

"शिवलास की रं मशीनला, नाना."

"फळीला शिवलोय."

"व्हय, व्हय. फळीलाच," म्हणाला, आणि परत कधी तो विषय काढला नाही. पुढं सगळी वर्षं तो अलीकडं, मी पलीकडं. मधे भुशाचा धुरळा, त्यात पांढऱ्या भुवयांचा बाबालाल पाण्यातल्यासारखा हलायचा. आवाजात बोलणं ऐकू यायचं नाही. फळीचं एक टोक माझ्या हातात आलेलं, दुसरं अजून त्याच्या, असा थोडा वेळ असायचा... त्या थरथरीवरनं मला कळायचं, आज त्याचा खांदा दुखतोय का नाही.

परवा भाभी, बाबालालची बायको, म्हणाली, "नाना, पाळना अर्धा पडलाय. ज्यांनी सांगितलाय त्यांच्या पोरीचं बारसं तोंडावर आलंय." मी आत गेलो आणि जन्मात पहिल्यांदा त्या मशीनचं बटण दाबलं. फळी आत सोडली आणि वळसा घालून पलीकडं गेलो. जाता जाता बघितलं, दोन्ही टोकांना कुणाचाच हात नाही आणि फळी धुरळ्यातनं आपली सावकाश चाललीय. मी पोचलो, टोक हातात घेतलं. दुसरीकडनं जराशी ओढ लागली. ड्रमचीच असणार ती, कळतं मला. तरी मी फळी ओढून घेतली नाही. तिकडनं सुटेपर्यंत धरून उभा राहिलो.