लालबागच्या निळ्या पिंपातलं पाणी

कोल्हापूरहून निघताना माझ्या बॅगेत कपडे कमी आणि काचेच्या बाटल्या जास्त होत्या. पिण्याच्या पाण्यात प्लास्टिकमधली रसायनं उतरतात का, हे आमच्या प्रयोगशाळेला तपासायचं होतं. त्यासाठी मुंबईतल्या घरांमधले नमुने मी आणायचे होते.

आधी गिरगाव. फणसवाडीत आईची मैत्रीण उषामावशी राहते. तिच्या जिन्यातच एक बाटली हातातून निसटून फुटली. मावशी वरून ओरडली, "तुला लागलं नाही ना? मग ये वर, पोहे गार होतायत."

दुपारी लालबागच्या चाळीत बाबांच्या जुन्या मित्राकडे, सावंतकाकांकडे पोचले. काकींचे कॅन्सरचे उपचार परळच्या इस्पितळात चालू होते. डोक्यावर नुकते बारीक केस उगवले होते. गॅलरीत भर उन्हात निळं प्लास्टिकचं पिंप होतं. पिण्याचं पाणी त्यातलंच. मी नळाचा आणि पिंपाचा असे दोन नमुने घेतले. मग बांगड्याचं तिखलं (दाट, तिखट कालवण) आणि भात जेवले.

जेवण झाल्यावर काका मला गॅलरीत घेऊन गेले. हळूच म्हणाले, "पिंप उन्हात ठेवची सवय तिची. पाण्यात काय गावला (सापडलं) तर तिका सांगू नको हां."

निघताना काकी दारापर्यंत आल्या. "पिंप तेनी आणल्यानी. काय गावला तर तेंका सांगू नको. जीवाक लावन घेतीत."

मी दोघांनाही "बरं" म्हटलं.

कोल्हापूरला परतल्यावर नमुन्यांचा अहवाल आला. नळाच्या पाण्यात काही नव्हतं, पिंपातल्या पाण्यात थोडं रसायन उतरलं होतं. फोनवर सांगवेना, म्हणून पुन्हा लालबाग गाठलं. दोघांना शेजारी बसवून सांगितलं. "आजार ह्यानेच झाला, असं कुणीच म्हणू शकत नाही. पण ह्यातलं पाणी आता पिऊ नका."

"पिंप मियाच आणलंय," काका पुटपुटले.

"आणि उन्हात कोणी ठेवल्यान?" काकी म्हणाल्या. मग त्यांच्याकडे बघतच राहिल्या. "तुमीय इतके दिस ह्याच मनात धरून बसलास?"

काकांचे डोळे भरले होते. काकींनी त्यांचा हात हातात घेतला.

थोड्या वेळाने काका पिंप रिकामं करायला उठले. पाणी ओतून झाल्यावर काकींनी दुसरी बाजू धरली.

"तू उचलू नको गो."

"रिकामाच तर असा (आहे)," त्या म्हणाल्या आणि दोघं ते जिन्यावरून सावकाश खाली घेऊन गेले.

परतीच्या बसमध्ये मी खिडकीशी बसले होते. दोघांना दिलेला शब्द मी मोडला होता. त्याची जराही रुखरुख वाटली नाही.