दामूमामांचा शेवटचा दात

माझ्या साखरपुड्यात दामूमामांनी माझ्या होणाऱ्या बायकोला नाकातली नथ काढायला लावली आणि चारचौघांत ती आपल्या दातावर घासली.

नथ आमच्याकडची. माझ्या आजीची, बसऱ्याच्या मोत्यांची, असं आई लग्नाच्या बोलण्यांपासून सांगत आली होती. सासरच्या मंडळींत ती हातोहात फिरली, सगळ्यांनी मान डोलावली, आणि शेवटी कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसलेल्या एका काटक, काळ्यासावळ्या गृहस्थांकडे गेली. हे दामूमामा, मंदाचे म्हणजे माझ्या होणाऱ्या बायकोचे मामा. त्यांनी एकेक मोती पुढच्या दाताच्या धारेवर हळूच घासला. सगळा हॉल त्यांच्या तोंडाकडे बघत होता. मग त्यांनी नथ रुमालाने पुसली, मंदाच्या हातात ठेवली आणि म्हणाले, "काच हाय. घाल, घाल. काच पन नाकात ऱ्हाते."

आईने त्या दिवशी जिलबीला हात लावला नाही. आणि मी? घराण्याची अब्रू दातावर घासली जात असताना नवरदेवाने काय केलं? मी पंख्याकडे बघत बसलो. पंखा तीन पात्यांचा होता.

मामांचं उभं आयुष्य मुंबईत एका मोत्याच्या पेढीवर गेलं होतं. मोती चाळणीने निवडायचे, विंधायचे, ओवायचे. खरा मोती दाताला बारीक वाळूसारखा खरखरतो, काच गुळगुळीत सरकते, ही त्यांची परीक्षा. पुढे वयाने दात एकेक करून गेले तरी तो पुढचा एक त्यांनी सोडला नाही. दाताच्या डॉक्टरने कवळी बसवायचा आग्रह धरला तेव्हा "कवळीला काय कलतंय?" म्हणून त्याच्याशी भांडले, आणि येताना त्याचीच जुनी हत्यारं मागून घेऊन आले. गेल्या वर्षी मामा गेले, ते तो दात घेऊनच गेले.

ती हत्यारं त्यांना शिंपल्यांसाठी हवी होती. नोकरी संपल्यावर ते वसईत खाडीकडच्या आपल्या गावी येऊन राहिले. वाडीला लागून त्यांचं बावखल होतं. बावखल म्हणजे आमच्या भागातलं गोड्या पाण्याचं खोदलेलं तळं; त्याच्यावर केळी, अळू, मोगरा जगतो, आणि दर उन्हाळ्यात त्यातला गाळ काढून केळीच्या बुंध्याशी घालतात. त्या पाण्यात मामांनी मोती धरायचं ठरवलं. शिंपला चिमट्याने करंगळीएवढा उघडायचा, आत एक मणी आणि दुसऱ्या शिंपल्याच्या अंगचा तांदळाच्या कणीएवढा तुकडा ठेवायचा, दहा दिवस टबात जपायचं आणि मग जाळीच्या पिशवीत घालून बांबूला टांगून बावखलात सोडायचं. त्यानंतर दीड वर्ष वाट बघायची. त्या बावखलात साबण लावायला, भांडी विसळायला, अगदी पाय धुवायलाही बंदी. मामी म्हणायच्या, माझं बाळंतपण एवढं कोणी केलं नव्हतं.

बघायला येणाऱ्यांवर मामा आलटून पालटून चिडत. कोणीतरी स्वाती नक्षत्राचा थेंब शिंपल्यात पडतो त्याचा मोती होतो म्हणालं. "मग पागोल्यांखाली ठेवा ना शिंपले. मी कशाला कंबर मोडून घेऊ?" एकदा मीच हुशारी केली. शिंपल्यात साचा ठेवून गणपतीच्या आकाराचे मोती करतात, त्यांना फार मागणी आहे, असं मी ऐकलं होतं, ते त्यांना ऐकवलं. ते चष्म्यावरून बघत म्हणाले, "देवाला साच्यात घालून शिंपल्याच्या कुशीत कोंबायचा, नि वर बोलायचं आपोआप झाला. तुमच्या घरान्याला बसतंय हे, जावयबापू." मामा मला 'तुम्ही' म्हणाले की तो अपमान असे. 'तू' म्हणाले की समजायचं, खरोखरच रागावलेत.

रागाबद्दल त्यांचं एक ठाम मत होतं, आणि ते ऐकल्याशिवाय वाडीतून कोणाची सुटका नसे. "मोती म्हंजे शिंपल्याचा राग. बाहेरचं कायतरी आत घुसतं. ते थुकता येत नाय, गिलता येत नाय. मग तो त्याच्यावर लेप चढवत बसतो, एकावर एक. मानूस कसा? आरडतो नि इसरतो. शिंपला इसरत नाय." आखातात मोती काढणाऱ्या पाणबुड्यांची गोष्टही ते अशाच रागाने सांगत. नाकाला चिमटा, पायाला दगड, कमरेला दोर. माणसं छाती फुटेस्तोवर खाली जायची, आणि वर आलेला मोती मुंबईत विंधून कुठल्याशा राण्यांच्या गळ्यात जायचा. मग जपान्यांनी शिंपल्यात मणी ठेवायला सुरुवात केली आणि बसऱ्याचा बाजार बसला. "गल्यातले मोती मोजले सगल्यांनी. दोराला लटकलेली मानसं कोनी मोजली नाय," असं म्हणून मामा ती गोष्ट संपवत.

आमची मुलगी सई शिकून नोकरीला लागली तेव्हा मामांनी जाहीर केलं की हिच्या लग्नात नथीला खरे मोती लागतील, माझ्या पाण्यातले. एकदा काच चालवून घेतली, दुसऱ्यांदा नाही. पंचवीस वर्षं झाली होती, पण शिंपला विसरत नव्हता. त्यांनी नथीसाठी म्हणून शिंपल्यांची एक वेगळी रांग लावली आणि तिच्या बांबूला लाल चिंधी बांधली.

आता माझा पराक्रम सांगतो. त्या रांगेला आठ महिने झाले होते. सईचं जमलं होतं, मुलाकडचे पहिल्यांदा घरी येणार होते, म्हणून चंदनसारच्या आमच्या फ्लॅटचा ओटा मी पाडून नवीन करायला काढला. जुन्या भिंतीवर द्राक्षांच्या घडांच्या निळ्या टाइल्स होत्या. जुनं सिंक मामांनी मागितलं होतं, शिंपले जपायला टबापेक्षा बरं म्हणून. मी टेम्पो ठरवला. खाली टाइल्स, विटा, उरलेल्या सिमेंटच्या आणि पांढऱ्या पुट्टीच्या फुटक्या गोणी, वर सिंक. टेम्पोवाल्याने विचारलं, सिंक गावी देतो, बाकीचं कुठे टाकू? मी घड्याळाकडे बघून म्हणालो, "ते मला सांगू नकोस. संध्याकाळपर्यंत माझ्या घरात दिसता कामा नये." हे शब्द माझेच. खूप दिवस मी ते दुसऱ्या कोणाचे आहेत का, हे शोधत होतो.

त्याने सिंक नेऊन दिलं. मामा हातातलं सगळं टाकून ते मागच्या पडवीत बसवायला लागले. तेवढ्या वेळात टेम्पोवाल्याने वळणावर गाडी मागे घेतली आणि उरलेला माल बावखलात ओतला. पाणी दिसलं की भरणी करायची, ही आता आमच्याकडची रीतच झाली आहे.

तिन्हीसांजेला फोन आला. "जावयबापू, तुमची द्राक्षं पोचली."

सकाळी मी गेलो तेव्हा बावखलाचं पाणी कालवलेल्या चुन्यासारखं पांढुरकं झालं होतं. टेम्पोवाल्याला तिथूनच फोन लावला आणि तोंडाला येईल ते बोललो. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. "काका, तुम्हीच बोललात ना, सांगू नको. मी नाय सांगितलं." महापालिकेत तक्रार करायला गेलो तर तिथल्या साहेबांनी विचारलं, माल कोणाचा? त्या माणसाच्या टेबलावर सिनेमातल्यासारखा हात आपटावा असं वाटत होतं, पण काय सांगून आपटणार?

मामांनी मला पाण्यात उतरवलं. हाफ पँट, पोट बाहेर, मांड्यांपर्यंत गाळ, अशा थाटात तीन दिवस मी माझं स्वयंपाकघर हाताने बाहेर काढलं. मामा काठावर खाटेवर बसून होते. "त्या कोपऱ्यात बघ. तिथं तुझं द्राक्ष हाय. नीट बघ, डोले हायत ना?" सगळं एकेरीत. मी एकदा चुकून म्हणालो की मामा, मला माहीतच नव्हतं तो इथे टाकेल. ते खाटेवरून उठून अगदी पाण्याच्या कडेला आले. "मंग कुठं टाकनार होता? दुसऱ्याच्या बावखलात? ते तुला चाललं असतं." मी वाकून पुढची टाइल उपसली.

तिसऱ्या दिवसापासून शिंपले तोंड वासायला लागले. मेलेला शिंपला आपोआप उघडतो. वाडीभर वास सुटला. लाल चिंधीचा बांबू मामांनी स्वतः ओढून काढला आणि एकेक शिंपला डॉक्टरच्या हत्याराने साफ केला. मोती होते. पण लेप नुसता धुक्यासारखा. नखाने टोकरला की खालचा मणी दिसत होता. एक त्यांनी दातावर घासला, बराच वेळ. मग तो माझ्या तळहातावर ठेवून म्हणाले, "ह्याचा राग पुरा व्हायचा होता." बाकीचे सगळे शिंपल्यांबरोबर केळीच्या खड्ड्यात गेले.

मी नवीन शिंपले आणून देतो म्हणालो, दोनदा म्हणालो. "ह्या पान्यात आता मी कोनाला नाय घालनार," एवढंच त्यांनी सांगितलं. सिंक पडवीत तसंच राहिलं. मामी त्यात तुळशीची रोपं करतात.

दहा महिन्यांनी सईचं लग्न झालं. मामा येतील की नाही हा घरात प्रश्न होता. ते आले, पहिल्या रांगेत बसले, माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. सईच्या नाकात तीच नथ होती, आजीची. मुलाची आत्या कौतुकाने पुढे झाली, नथ निरखून मला विचारती झाली, "बसऱ्याचे का हो मोती?" आईने माझ्याकडे बघितलं. मंदाने बघितलं. मी सवयीने पंख्याकडे बघितलं. हॉल एसी होता, पंखा नव्हता.

"नाही," मी म्हणालो. "काच आहे. हिच्यासाठी खरे मोती पाण्यात वाढत होते. ते मी मारले."

आत्या अवघडून हसली. आई खुर्चीवर बसली. मामांनी मान वळवली नाही, समोर बघतच म्हणाले, "पाठच्या लायनीला ऐकू नाय गेलं. परत बोल."

मी परत बोललो.