पिनेवरचा टाका

"तडी!" ती म्हणायची, आणि क्रोशाची सुई हवेत उभी राहायची.

तडी म्हणजे थांब. ती मूळची सीमेवरच्या मैंदर्गीची. हुकूम कानडीत आणि चेष्टा मराठीत, अशी तिची वाटणी होती. भवानी पेठेतल्या आमच्या गल्लीत तिला सगळे अव्वा म्हणत. तिची ओळ मोजून होईपर्यंत दूधवाल्यापासून वर्गणीवाल्यापर्यंत सगळे उंबऱ्याशी मुकाट उभे राहत.

मी शाळेत कारकून. पण शाळेत जाणारा प्रत्येक माणूस तिच्या लेखी मास्तरच. रविवारी दुपारी हाक यायची, "मास्तर, हात द्या की जरा." मग माझ्या दोन पंजांवर सुताची लड चढायची आणि समोर बसून ती गुंडा करायची. हे 'जरा' दीड तासाचं असे. माझ्या हातांना जमलेलं एकमेव काम ते हेच, असं आमच्या घरात आजही बोललं जातं. समोरच्या कारखान्यात मागांची खटखट, ओट्यावर सरकत येणारं ऊन आणि बोटांवरून सुटत जाणारं पांढरं सूत. डोळे कधी मिटायचे, कळायचं नाही. वाटायचं, ती सूत नव्हे, आपल्यालाच हलके हलके उलगडते आहे.

"मास्तर, घोरा, पण हात खाली न्हाय."

तुमच्याही गल्लीत असं कोणी असेल, तर नीट पाहा. अशा माणसांचा एक तरी हट्ट असतोच. हिचा हट्ट गाठीचा होता. अर्धा जन्म तिने कारखान्यातल्या चादरींच्या दशांना गाठी मारल्या. पण स्वतः विणलेल्या कपड्याची शेवटची गाठ ती एकटी बसून कधी मारत नसे. शेवटचा टाका सेफ्टी पिनेत अडकवून ठेवायची. ज्याचा कपडा त्याने तो घालून समोर उभं राहायचं, मगच गाठ.

"चादर कुनाच्या अंगावर जाती, काय म्हाइत? ह्ये माझ्या मानसाचं. मानूस बघितल्याबिगर कसं संपवू?"

दिवाळीत आमची लेक सई पुण्याहून आली आणि मोबाइलमधला एक क्रोशाचा झगा घेऊन अव्वाकडे धावली.

"अव्वा, असा जमेल? संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रेत घालीन."

"लांब धर ते. मला समदं धुक्यात दिसतंय." मोतीबिंदू पिकला होता. डॉक्टर ऑपरेशन म्हणत होते, आणि ही म्हणत होती, "झगा होऊ दे, मग."

टेप ती मानत नसे. एका दोऱ्याने तिने सईचं माप घेतलं: खांद्याला एक गाठ, कमरेला एक, गुडघ्याला एक. सई पुण्याला गेली. दोरा माझ्या हाती आला. "तुमी कारकून. जपून ठिवा."

मी जपला. इतका, की एका दुपारी त्यातल्या गाठी बघून दोरा गुंतला म्हणून हळहळलो, टाचणीने त्या एकेक सोडवल्या, आणि दोरा छान गुंडाळून तिला नेऊन दिला.

तिने तो बोटांतून एकदा ओढला. परत ओढला. मग पदर तोंडाला लावून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. "मास्तर, पोरगीच उसवली की हो तुमी!"

मी फोन करून नवं माप मागवतो म्हणालो. "तडी," ती म्हणाली. "अंगाखांद्यावर खेळलीया ती. हाताला म्हाइत हाय."

त्यानंतर हातांनीच विणलं तिने. डोळे कुठेतरी लांब, ओठांवर टाक्यांचा हिशोब, 'तीन खांब, दोन साखळ्या', आणि मांडीवर झगा दुधावर साय धरावी तसा वाढत होता. अपराधी मी रोज संध्याकाळी लड धरायला हजर. डिसेंबरात एके दिवशी तिने शेवटचा टाका पिनेत अडकवला आणि झगा घडी घालून माझ्या हातात दिला.

"पोरगी आली की घिऊन या. आता तेवढंच ऱ्हायलंय."

चारच दिवसांनी दुपारी ओट्यावर बसल्या बसल्या तिचा डोळा लागला, तो लागलाच. आम्ही बराच वेळ उंबऱ्याशी थांबून होतो. ओळ मोजत असेल, असंच वाटलं.

संक्रांतीला सई आली. झगा घालून बाहेर आली तेव्हा बायकोने तिला गोल फिरवून पाहिलं. खांदा बरोबर, कंबर बरोबर. फक्त खाली चार बोटं जास्त. लहान पोरींच्या झग्यांना ती ठेवायची तेवढीच. अव्वाच्या लेखी सई अजून वाढत होती.

काठाला, गुडघ्याखाली, ती पिन होती.

"आण इकडे, मी मारते गाठ," बायको म्हणाली.

"नको आई. बाबांनी सोडल्या होत्या ना? त्यांनाच मारू दे."

मी चष्मा लावून खाली बसलो. पिन काढली, सूत टाक्यातून ओवलं. आता ओढलं की संपलं.

"तडी," सई हळूच म्हणाली.

समोरचे माग चालू होते. सूत चिमटीत धरून मी तसाच बसून राहिलो.